तीन लाकडांची चौकट

“खाट शे, माठ शे, भितडाले चुना शे. बठ्ठं दखी लिधं मी. उंबरा कोठे शे, झिपरू?”

“उंबरा नई शे, धनुमाय.”

“नई शे ते माले बी दिखस. डोया फुटेल नई मन्हा. काब्र नई शे, ते सांग.”

झिपरू सुतार हातातला रंधा उगाच या हातातून त्या हातात घेत राहिला. उत्तर त्याच्याकडे होतं, पण ते तोंडातून काढावं असं नव्हतं. धनुबाई दाराबाहेर उभी होती. काखेला गाठोडं, हातात ॲल्युमिनियमचं एक डबडं. नऊ वर्षांचा तिचा संसार तेवढाच. वैशाखाचं ऊन डोक्यावर आलं होतं आणि आत नुकत्या सारवलेल्या जमिनीचा गारवा होता, तरी बाई आत पाय टाकायला तयार नव्हती.

अडतीस सालातली गोष्ट. तळोद्याला एक जिनिंग बंद पडून पाच-सहा वर्षं झाली होती. तिच्या आवारात कपाशी साठवायच्या चार कोठ्या होत्या. गावातल्या आश्रय मंडळाने त्या कोठ्या मागून घेतल्या आणि धर्मशाळेच्या ओट्यावर वर्षानुवर्षं झोपणारी चार बिऱ्हाडं तिथे न्यायचं ठरवलं. काम काही वाईट केलं नव्हतं, ते झिपरूही मान्य करायचा. कौलं चाळली, भिंतींना चुना दिला. कोठीगणिक एक खाट, दोन घोंगड्या, माठ, तवा, पाटा-वरवंटा. फक्त प्रत्येक भांड्यावर ‘आश्रय मंडळ’ कोरलेलं. माठावर कोरता येत नाही म्हणून तिथे डांबराने लिहिलेलं. माणूस पाणी प्यायला वाकला की आधी मंडळाचं नाव वाचेल, मग पाणी पिईल. त्या चार बिऱ्हाडांत वाचता कोणाला येत नव्हतं, हा भाग निराळा.

दारं-चौकटींचं काम झिपरूचं. मंडळाचं सगळं बघायचे रतिलाल शेट. पहिली चौकट जमवली तेव्हाच झिपरूने विचारलं होतं, “शेट, खालचं लाकूड?”

“काय करवानं खालनं लाकूड? कोठी शे ती. कपाशीना गठ्ठा सरकाडाले सपाट ठेयेल व्हती. सपाट ऱ्हावू दे. झाडू मारा का कचरा सरळ बाहेर.”

झिपरूने तसंच केलं. दोन उभी लाकडं, एक आडवं. चार कोठ्यांना चार चौकटी, तीन-तीन लाकडांच्या. गुरांच्या गोठ्याला बसवतात तशा. आज धनुबाईने विचारलं आणि त्याला पहिल्यांदा स्वतःचीच लाज वाटली. लाजेमागून राग आला. रागाला त्याच्याकडे कधीच फार वाट बघावी लागत नसे.

त्याला कारण होतं. आमच्याकडे आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सकाळी उंबरा धुतात आणि घरातलं जे जे माणूस गेलं, त्याच्या नावाने कुंकवाचं एकेक बोट उंबऱ्यावर उठवतात. मग पाण्याची घागर भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, पितरांना जेवू घालायचं. बोट उठलं नाही तर गेलेल्याला आपलं घर सापडत नाही, असं बाया मानतात. झिपरूचं गाव तापीच्या काठचं. तो नऊ-दहा वर्षांचा असताना नदीने अख्खी आळी नेली, घर नेलं, बाप नेला. आई त्याला घेऊन याच तळोद्याच्या धर्मशाळेत आली. पहिल्या आखाजीला तिने ओट्याच्या कडेला ओल्या मातीची वीतभर उंचीची वळी घातली, हाताने चोपून गुळगुळीत केली आणि तिच्यावर नवऱ्याच्या नावाचं बोट उठवलं. तासाभरात राखणदार आला. ओटा घाण केला म्हणून खराट्याने वळी खाली लोटली.  आई पुढे दोन वर्षं जगली, पण आखाजीला तिने पुन्हा कुंकू हातात घेतलं नाही.

हे ज्याने पाहिलं त्यानेच तीन लाकडांच्या चौकटी ठोकल्या होत्या. दुसऱ्या कोणी केलं असतं तर झिपरूने त्याला उभा चिरला असता.

“शेट नको म्हनना,” तो शेवटी म्हणाला. “आनि मी आयकी लिधं.”

“तुले बी उंबरा नई का घरले?”

“शे.”

“मंग?”

झिपरूने रंधा खाली ठेवला. तेवढ्यात छत्री डोक्यावर धरून रतिलाल शेट आवारात आले. धोतराचा सोगा हातात, कपाळावर घाम. बाई अजून बाहेरच उभी बघून त्यांचं डोकं फिरलं.

“हाई काय नाटक शे? ऊनमा काब्र उभी ऱ्हायनी? जाय ना आत.”

“उंबरा नई शे, शेट.”

“नऊ वरीस ओटावर झोपनी, तवय उंबरा लागना नई का तुले?”

“तवय घर नव्हतं,” धनुबाई शांतपणे म्हणाली. “घर शे म्हनीसन तुम्हीच सांगं. मी थोडीच सांगं?”

शेजारच्या कोठीबाहेर आंधळा भिकन भिंतीला पाठ लावून बसला होता. तो फस्सकन हसला. शेटनी त्याच्याकडे रागाने पाहिलं. आंधळ्याकडे रागाने पाहून उपयोग नसतो हे त्यांच्या लक्षात आलं, मग ते झिपरूकडे वळले.

“शेट, लाकूड द्या,” झिपरू म्हणाला. “मजुरी नको. दोन दिनमा चारी बसाडी देस.”

“लाकूड सरनं. जे शे ते फाटकवरनी पाटीनं शे. पाटी कथलोंग उनी?”

“अर्धी.”

“अर्धी? परवा आखाजी. रायसिंग आबा धानोराथीन दमणी जुपीसन येवाव शेत, आनि पाटी अर्धी?” शेटचा आवाज चढला. मग त्यांनी तो मुद्दाम खाली आणला आणि धनुबाईला म्हणाले, “आयक बाई. आखाजीना दिन आबासमोर जी कोठी रिकामी दिखनी, ती दुसराले देसू. आनि धर्मशाळाना ओटा बी त्या दिनपाइन बंद. राखणदारले सांगी दिधेल शे.”

छत्री घेऊन ते गेले. धनुबाईने गाठोडं खाली ठेवलं आणि त्याच्यावर बसली. दारात, पण दाराच्या बाहेर.

“वं धनुमाय,” भिकन म्हणाला, “घुसी जाय ना मजार. उंबरा काय खावाना शे?”

“तू घुसना का?”

“माले कोनी बोलावं नई आजून.”

“मंग गप बठ.”

तिचा नवरा सडकेच्या कामावर दगडाखाली गेला, तेव्हा दिरांनी तिला तेराव्याच्या दिवशी बाहेर काढलं होतं. नऊ आखाज्या कोरड्या गेल्या. लोकांच्या घरी धुणं-भांडं करताना त्यांच्या उंबऱ्यावरची बोटं ती बघायची आणि डोळे वळवायची. एका घरच्या मालकिणीने दया येऊन म्हटलंही होतं, उठव इथेच एक बोट. ही म्हणाली, तुमच्या दारात तो कशाला येईल, त्याची तुमची ओळख नाही.

झिपरू दुकानात आला. दुकान म्हणजे लिंबाखालचं छप्पर. छपरात दोन ओंडक्यांवर ती फळी आडवी पडली होती. नऊ हात लांब, चार बोटं जाड, रायसिंग आबांच्या शेतातल्या जुन्या सागाची. तिला कुठे गाठ नव्हती की चीर नव्हती. जिनिंगच्या फाटकावर लावायची म्हणून शेटनी अक्षरं आखून दिली होती. सगळ्यात वर मोठ्या अक्षरात दात्याचं, म्हणजे आबांचं, नाव, मग मंडळाचं, मग खाली बारीक अक्षरात ‘निराधारांसाठी’. झिपरूने दोन दिवस पटाशी चालवून दात्याचं नाव पुरं केलं होतं. निराधारांपर्यंत काम अजून पोचलं नव्हतं.

तो फळीसमोर उकिडवा बसला. असला साग हातात आला की सुताराचा जीव हरखतो. त्याच्या जिवाची आज आग होत होती. चार दारांना द्यायला लाकूड सरलं, आणि हे लाकूड फाटकावर टांगायचं. त्याच्याखालून बकऱ्या जातील, वर कावळे बसतील. राखणदाराचा खराटा त्याला आठवला. त्या खराट्याला काठी कोणी बसवून दिली असेल, कोणीतरी सुतारच असेल ना, हे डोक्यात आलं आणि तो उठलाच.

त्याने दोरी काळ्या रंगात भिजवली आणि फळीवर आडवी धरून उडवली. एक रेघ उठली. दुसरी. तिसरी. मधली रेघ दात्याच्या नावाच्या बरोब्बर मधून गेली. त्याने करवत घेतली. शेजारचा लोहार नवल भाता सोडून बघायला आला.

“पाटी कापी ऱ्हायना का रे?”

“हां.”

“डोकं फिरनं का?”

“परवा नव्हतं फिरेल तवय तीन लाकडं ठोकनू. धर त्या कडले.”

नवलने धरलं. काही विचारायचं ते त्याने करवत थांबेपर्यंत पोटात ठेवलं, आणि करवत थांबल्यावर विचारायची गरज उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी झिपरू तीन उंबरे गाडीवर टाकून आवारात आला. चौथा चार बोटं आखूड पडला होता. मापाचा हिशेब रागाच्या भरात चुकला होता. त्याला बाभळीचा तुकडा जोडून घ्यायला त्याने मागे ठेवला. बसलेल्या चौकटीत खालून उंबरा घालणं हे नसतं काम. दोन्ही उभ्या बाह्यांचे पाय मोकळे करायचे, खाचा घ्यायच्या, खालची जमीन उकरायची. धनुबाईने सारवलेली जमीन स्वतः उकरली. भिकन हाताने चाचपून माती बाहेर ओढत होता. उंबऱ्यावरून बोटं फिरवताना तो थबकला.

“हाई काय कोरेल शे?”

“रायसिंग आबानं नाव. अर्धं.”

“वर ऱ्हावाव शे का खाले?”

“खाले.”

“बरं. नईतं त्या अक्षरंसमा धूळ भराई जाती, आनि धनुमायनं तोंड दिनभर चालू ऱ्हातं.”

“तुन्हा उंबराले बाभूळ शे,” धनुबाई त्याला म्हणाली. “काटा निंघतीन. सांभाळीसन बठ.”

झिपरू हसला नाही. तो प्रत्येक ठोक्याला दात आवळत होता. आखाजीच्या पहाटेला चौथा उंबरा बसला.

उन्हं वर आली आणि आबांची दमणी बैलांची घुंगरं वाजवत आली. रायसिंग आबा पंचाहत्तरीचे, पांढरा फेटा, काठी. पुढे-पुढे रतिलाल शेट. फाटकाशी आले आणि शेटनी वर पाहिलं. नुसती कमान. त्यांचा चेहरा उतरला. आत त्यांनी चारही दारं पाहिली, नवे उंबरे पाहिले, आणि सागाचा रंग ओळखायला त्यांना क्षण लागला नाही.

“झिपरू,” ते एवढंच म्हणाले, आणि सरळ धनुबाईच्या दाराशी गेले. खाली काय दडवलंय ते बघावं तसा त्यांनी उंबऱ्यावर वहाणेसकट पाय दिला.

उंबरा ओला होता. त्याच्यावर कुंकवाची चार बोटं होती. नवरा, सासू, आणि सडकेच्या कामावरच तापाने गेलेली दोन लेकरं. आत घागर भरून ठेवलेली होती.

“शेट, पाय काढ.”

शेटनी मान वर केली. धनुबाई आतून आली होती. आवाज चढलेला नव्हता. नऊ वर्षं तिने शेटला ‘तुम्ही’ म्हटलं होतं.

“उंबरावर पाय देतस का कोनाना? मन्हा घरना मानसं शेत तठे. काढ पाय.”

शेटनी पाय काढला. वहाणेखाली एक बोट फरकटलं होतं. धनुबाई खाली बसली, कुंकवाचा करंडा उघडला आणि ते बोट पुन्हा उठवलं. 

“पाटी कोठे शे, मिस्तरी?” रायसिंग आबांनी विचारलं.

“चार दारसमा शे, आबा. तुम्हनं नाव खाले शे, मातीमा.”

“माले इचारानं व्हतं.”

“इचारतू, तं तुम्ही नई म्हनता.”

आबांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. “हां,” ते म्हणाले. “म्हनतू.” त्यांनी वहाणा काढल्या, धोतर जरा वर धरलं, उंबऱ्याला पाय न लावता ओलांडून आत गेले आणि भिंतीला टेकून बसले. माफ केलं असं काही त्यांच्या तोंडावर नव्हतं. ऊन फार होतं, एवढं दिसत होतं. धनुबाईने त्यांना पाणी दिलं.

बाहेर शेट झिपरूच्या कानाशी आले. “मंडळनं काम तुले परत भेटाव नई.”

“तीन लाकडासनं मी परत करस बी नई.”

जेवायला तो थांबला नाही. घरी त्याची स्वतःची घागर होती. आई-बापाच्या नावांची बोटं बायकोने सकाळीच उठवली होती, तो घरात नव्हता तरी. त्याने उभ्या-उभ्या दोन सांजोऱ्या खाल्ल्या आणि सणाच्या दिवशीही लिंबाखाली आला. कळसाडीच्या एका शेतकऱ्याचं गाडीचं चाक तीन दिवस आरे निखळून पडलं होतं. पाऊसपाण्याआधी खत वाहायचं म्हणून त्याचे दोन निरोप येऊन गेले होते.

ऊन कललं तेव्हा धनुबाई लंगडत आली.

“उंबरा उंच बसाडा तू. ठेच लागनी. अंगठा फुटना.”

“पाय उचलीसन चाल. घरमा ऱ्हावानी सवय नई तुले.”

“बोटभर खाले कर.”

“सकाय. चाक शे हातमा.”

“सकायलोंग दुसरा अंगठा फुटी.”

“मंग आज बाहेर निंघू नको.”

ती पुटपुटत गेली, घराकडे. झिपरूने नवा आरा चाकाच्या मधल्या तुंब्याच्या भोकात धरून पाहिला. जाड होता. त्याने तो काढला, मांडीखाली दाबला आणि वाकसाने त्याची कड तासायला घेतली.