एफी मेल्डरमचे चार दिवस

एफी मेल्डरम आणि मी एकाच टेबलावर एकवीस वर्षं मासे साफ केले. इन्व्हरकार्नच्या बंदरावर म्हाताऱ्या सटीचं धुरीघर आहे. पहाटे बोटी लागल्या की हॅडॉक माशांच्या पेट्या यायच्या, आम्ही माशांची डोकी उडवायचो, पोटं साफ करायचो आणि दोन-दोन मासे शेपटीला सुतळीने बांधून धुरी द्यायला दांडीवर टांगायचो. एफी मिनिटाला सहा जोड्या बांधायची. तिची मनगटं पुरुषाला लाजवतील अशी होती, आणि त्या मनगटांचं खरं काम गावाला संध्याकाळी दिसायचं, गोल्फच्या मैदानावर.

आमच्याकडे मैदान गावाच्या मालकीचं. समुद्र आणि वस्ती यांच्या मधली ती वाळूची, गवताची जमीन; तिथे कुणीही खेळावं, कुत्रं फिरवावं, चादरी वाळत घालाव्या. एफी सहा वर्षांची असल्यापासून बापाची कापून आखूड केलेली काठी घेऊन तिथे पडीक असायची. मैदान सगळ्यांचं असलं तरी पहिल्या होलपाशी उभी असलेली दगडी इमारत मात्र पुरुषांच्या क्लबची होती. बायकांसाठी मागे एक पत्र्याची शेड होती, तिच्यात एक स्टोव्ह आणि अकरा खुंट्या. त्या शेडमधल्या बायकांची वार्षिक स्पर्धा एफीने चौदा वेळा जिंकली.

बाविसाव्या वर्षी ती महिलांच्या ब्रिटिश ओपनला गेली होती. तेव्हा त्या स्पर्धेला सुरू होऊन सहा-सातच वर्षं झाली होती. अर्ज हाताने भरायचा, पात्रता फेरी खेळायची आणि निवड झाली तर राहायची सोय आपली आपण बघायची. एफी तीन बस बदलून इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचली. स्पर्धा चार दिवसांची. रोज अठरा होल, म्हणजे एकामागून एक अठरा भोकांत चेंडू घालायचा, आणि चार दिवसांत मिळून सगळ्यांत कमी फटके जिचे ती जिंकली. पण दोन दिवसांनंतर चाळण लागते, वरच्या साठ-पासष्ट जणी पुढे जातात, बाकीच्या घरी. एफी एका फटक्याने घरी आली. पुढच्या वर्षी ती अशी तयारीत होती की बघत राहावं, पण त्या वर्षी स्पर्धाच झाली नाही, खर्च उचलायला कोणी पुढे आलं नाही. त्यानंतर स्पर्धा पुन्हा सुरू झाली खरी, पण एफीचं तोवर डूगलशी लग्न झालं होतं. मग दोन मुलगे झाले, मग आईने अंथरूण धरलं. मधल्या काळात स्पर्धा कुठल्या कुठे गेली. जगभरातून मुली यायला लागल्या, आणि महिला गोल्फमधल्या सर्वांत मोठ्या मोजक्या स्पर्धांत तिची गणना होऊ लागली. एफी ती टीव्हीवर बघायची.

मग एका वर्षी बातमी आली की ती स्पर्धा आमच्या मैदानावर होणार. एफीच्या पन्नाशीला तेव्हा एक वर्ष कमी होतं.

क्लबचे सेक्रेटरी डॅलगेटी स्वतः धुरीघरात आले. चांगल्या कोटाला धुराचा वास लागेल म्हणून दारातच उभे राहिले. गावातल्या जुन्या खेळाडू म्हणून मेल्डरमबाईंना मानाचं काम द्यायचं ठरलं आहे, असं ते म्हणाले: नवव्या होलपाशी उभं राहून प्रेक्षकांना गप्प करायचा फलक धरायचा.

एफीने सुरी फडक्याला पुसली. "फलक नॅनला द्या," ती म्हणाली, "तिला लोकांना गप्प करायची सवय आहे. मी अर्ज भरलाय."

नॅन म्हणजे मी. मला फलक नको होता. मी खेळताना तिची काठ्यांची पिशवी उचलायचं कबूल केलं होतं.

गावात हसं झालं, नाही कशाला म्हणू. बेकरीत एकाने डूगलला विचारलं, बायको खेळेल तेव्हा तुझी खिचडी कोण शिजवणार. डूगल ट्रक चालवतो, फार बोलत नाही. तो म्हणाला की ओट्सची खिचडी तोच शिजवतो, वीस वर्षं झाली. तेवढ्यावर तो विषय संपला.

आधीची चाचणी फेरी एफीने शेजारच्या मैदानावर सहज पार केली. खरी पात्रता फेरी सोमवारी होती, स्पर्धेच्या तीन दिवस आधी. नव्वद जणी, जागा पंधरा. कोरियाच्या होत्या, थायलंडच्या होत्या, अमेरिकेतल्या विद्यापीठांतून आलेल्या उंच उंच मुली होत्या, ज्यांचे चेंडू एफीच्या चेंडूच्या चाळीस पावलं पुढे जाऊन पडत होते. त्या चेंडू आभाळात मारायच्या आणि एफी जमिनीलगत. आमच्या वाऱ्यात वर गेलेल्या चेंडूचा भरवसा नसतो, जमिनीवरून घरंगळणारा चेंडू मात्र जायचं तिथे जातो. अठरा होल संपले तेव्हा चौदा जागा भरल्या होत्या आणि पंधराव्या जागेसाठी एफी आणि दुसरी एक मुलगी बरोबरीत होत्या. पहिल्या होलवर दोघींना पुन्हा खेळवलं. त्या मुलीचा चेंडू वाऱ्याने वाळूत नेऊन टाकला. एफीने साठ पावलांवरून चेंडू असा घरंगळत आणला की तो ग्रीनवर, भोकाभोवतीच्या कातरलेल्या हिरवळीवर, चढून भोकापासून हातभर अंतरावर थांबला.

मंगळवारी तिला खेळाडूचा बिल्ला मिळाला. त्या आठवड्यापुरती दगडी इमारत सगळ्या खेळाडूंसाठी आणि पिशव्या उचलणाऱ्यांसाठी उघडी होती. आम्ही पुढच्या दाराने आत गेलो. मी तिथे जन्मले, वाढले, आणि ते दार आतून कसं दिसतं हे मला पन्नाशीत कळलं. डॅलगेटी जिन्यापाशी होते. त्यांनी एफीकडे बघितलं, मग बिल्ल्याकडे, आणि चक्क स्वतः खुर्ची ओढून दिली. एफीने चहा मागवला, भिंतीवरची सोनेरी अक्षरांतली सगळी नावं सावकाश वाचली आणि मला म्हणाली, "यातल्या निम्म्यांना मी हरवलं असतं." चहा बरा होता.

गुरुवारी एकशे चव्वेचाळीस जणी उतरल्या, तिघी-तिघींच्या गटात. हवा शांत होती, आणि आमच्यासाठी ती वाईट बातमी होती, कारण शांत हवेत त्या उंच मुलींना अडवणार कोण. एफीने शहात्तर फटके घेतले, म्हणजे मैदानाला ठरवून दिलेल्या बहात्तरपेक्षा चार जास्त. यादीत तिचं नाव शोधायला मला पार खाली जावं लागलं.

शुक्रवारी पहाटे मी खिडकी उघडली आणि हसू लागले. ईशान्येचा वारा सुटला होता, समुद्रावर धुकं, बंदरातल्या दोऱ्या शिट्ट्या मारत होत्या. अशा हवेत जगातल्या नावाजलेल्या खेळाडूंचेही ऐंशीच्या वर फटके गेले. एफी मात्र लहानपणापासून त्याच वाऱ्यात खेळलेली. तिने चौऱ्याहत्तर केले. दोन दिवसांचे दीडशे. पण दीडशेवर चाळण पार होईल की नाही हे सगळ्या जणी परतल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि आम्ही सकाळीच संपवलं होतं.

बाकीच्या खेळाडू हॉटेलात जाऊन बसल्या. आम्ही धुरीघरात गेलो. शुक्रवारचा माल मोठा असतो, आणि आम्ही फक्त सकाळपुरती रजा घेतली होती. एफी जोड्या बांधत राहिली. म्हातारा सटी दर अर्ध्या तासाने मैदानाच्या बाजूला चक्कर मारून यायचा. आधी म्हणाला चाळण एकशे अठ्ठेचाळीसला लागेल, मग म्हणाला एकशे एकोणपन्नास. तेव्हा एफीचा हात जरासा थांबला आणि पुन्हा सुरू झाला. साडेसहाला तो आत आला, टोपी काढली आणि पेट्यांकडे बघत म्हणाला, "उद्या सकाळी कुणाला रजा हवी असेल तर आत्ताच सांगा."

एफीला कळायला वेळ लागला. मग ती मिठाच्या पिंपावर बसली आणि एप्रन तोंडाला लावून रडली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. सटी म्हणाला की मिठात पाणी पडलं तर ते पगारातून कापीन.

दीडशेवर निसटून आत आलेल्या म्हणून शनिवारी आम्ही सर्वांत आधी निघालो. ज्यांचे फटके जास्त त्या आधी, ज्या आघाडीवर त्या शेवटी, आणि आता दोघी-दोघींच्या जोडीत. एफीने त्र्याहत्तर केले. संध्याकाळी कळलं की बिनपैशांच्या, म्हणजे हौशी खेळाडूंपैकी दोघीच चाळणीतून वर आल्या होत्या: एफी आणि एब्बा लिंडव्हाल नावाची एकोणीस वर्षांची स्वीडिश मुलगी. हौशींमधल्या पहिलीला चांदीचं तबक मिळतं. एब्बा एक फटका पुढे होती, आणि गुणांच्या हिशेबाने रविवारी दोघींची जोडी लागली.

मुख्य करंडकासाठी झुंजणाऱ्या मागे दोन तासांनी येणार होत्या. तरी रविवारी सकाळी सगळं गाव आमच्या मागे चालत होतं. बेकरीवाला, शाळेतल्या बाई, खिचडीवरून टोमणा मारणारा तो गडी, सगळे. सातव्या होलवर एफीचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात भिंतीला चिकटून बसला आणि दोन फटके वाया गेले. आता ती तीन फटके मागे पडली. मी तिला धीर द्यायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "बिस्किट दे." तिने अख्खं बिस्किट शांतपणे खाल्लं आणि पुढे निघाली.

अकराव्यावर एब्बाचा एक फटका गेला. तेराव्यावर एफीने एक कमावला. पंधराव्यावर चेंडू ग्रीनच्या बाहेर लांब गवतात होता. तिने मनगटाला एक झटका दिला आणि तो उडी मारून, घरंगळत, थेट भोकात गेला. दोघी बरोबरीत आल्या. गावाने जो आवाज केला तो म्हणे बंदरापर्यंत ऐकू गेला.

सोळाव्यावर एब्बाने चेंडू उंच मारला आणि वाऱ्याने तो पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपांत नेला. शोधायला पाच मिनिटं मिळतात. नाही सापडला तर दंड, आणि परत मागे जाऊन नव्याने मारायचं. मुलगी आणि तिची पिशवीवाली भलतीकडेच शोधत होत्या. एफी पिशवीशेजारून सरळ झुडपांत शिरली.

मी तिच्या मागे गेले आणि हळूच म्हणाले, "एफी, तू कशाला शोधतेस? दोन मिनिटं राहिलीत. नुसती उभी राहा."

"सत्तावीस वर्षांनी मी इथे आले ती उभी राहायला नाही," ती म्हणाली. "हरवलं तर तिला खेळून हरवीन. बाजूला हो."

चौथ्या मिनिटाला तिनेच चेंडू शोधला. हातांवर काट्यांचे ओरखडे उठले होते. एब्बा धावत आली. एफीने बोटाने जागा दाखवली आणि म्हणाली, "हा बघ, पोरी. डावीकडून मार, तिकडे वाट मोकळी आहे." एब्बाने तो तसाच बाहेर काढला आणि एकच फटका गमावला. मी मनातल्या मनात एफीला जे जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.

पण एफी एकाने पुढे गेली होती. सतरावा दोघींनी चोख खेळला. अठरावा होल म्हणजे दगडी इमारतीसमोरचा. दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. वारा तोंडावर होता. एब्बाने पुन्हा उंच मारलं, चेंडू अलीकडे पडला. एफीने माझ्याकडे लांब काठी मागितली, जी त्या अंतराला कुणीच मागत नाही. चेंडू गुडघ्याच्या उंचीने निघाला, जमिनीला टेकला, ग्रीनच्या पुढच्या उतारावर चढला, क्षणभर रेंगाळला आणि दुसऱ्या बाजूने उतरत भोकापासून चार पावलांवर आला. तिने तो एका हलक्या फटक्यात आत टाकला. दोन फटक्यांनी जिंकली.

एब्बाने आधी टोपी काढली, मग एफीच्या गळ्यात पडली. डूगल दोरी ओलांडून आत आला, सुरक्षेवाल्याने त्याला अडवलं, आणि शाळेतल्या बाईंनी सुरक्षेवाल्याला अडवलं.

करंडक जिने जिंकला ती एफीपेक्षा पंधरा फटक्यांनी पुढे होती. मोठी खेळाडू, तिचं कौतुकच आहे. बक्षीस समारंभात ती आणि एफी शेजारी उभ्या होत्या. एफीच्या हातात तबक दिलं आणि दोन शब्द बोला म्हणाले. तिने लोकांकडे पाहिलं. ती म्हणाली, "आमच्या शेडमध्ये अकरा खुंट्या आहेत. पोरींनो, उद्या साडेपाचला या. काठी नसली तरी या." मग खाली उतरली.

सोमवारी साडेपाचला सतरा मुली आल्या. क्लबने पुढच्याच वर्षी मतदान घेऊन बायकांना सदस्य करून घेतलं. एफी पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या गावी पुन्हा पात्रता फेरीला गेली, तीन फटक्यांनी राहिली आणि गाणं म्हणत घरी आली. त्या सतरांपैकी दोघी आता विद्यापीठाकडून खेळतात. एफी साठी ओलांडून गेली आहे. धुरीघर सोडलं, मैदान सोडलं नाही. काल पावसात माझ्याशी नऊ होल खेळली, मला सहा फटक्यांनी हरवलं, आणि वाटेत माझी पिशवीही तिनेच उचलली.