सासऱ्यांचे पत्रे आणि विमानातली मधली खिडकी

विषय : विमानात खिडकीची जागा निवडण्याबाबत.
संदर्भ : सासऱ्यांची तोंडी फर्माईश.

उपरोक्त विषयी सविनय सांगतो की, मी जन्मात एकदाच विमानात बसलो आणि तेवढ्यात पुरेशी शोभा करून घेतली.

निजामाचा अंमल होता. मी धाराशिवच्या कचेरीत कारकून. आमचे तालुकदारसाहेब, म्हणजे आजचे कलेक्टर, हैदराबादहून विमानानं मुंबईला निघाले. कागदांची पेटी सांभाळायला मला सोबत घेतलं.

बातमी लोहाऱ्याला सासऱ्यांपर्यंत, म्हणजे मामांपर्यंत गेली. बायको तेव्हा माहेरी होती. कारकुनाच्या घरी लेक परत धाडावी का, यावर मामांचा विचार चालू होता. आमच्या कचेरीलाही लाजवील इतक्या सावकाश!

मामांनी नुकतेच घरावर पत्रे घातले होते. गावात पहिलेच. ते म्हणाले, "जावईबापू, इमान आमच्यावरूनच जातंय म्हणं. आमचं छप्पर वरून कसं चमकतंय, तेवढं बघून या. मग लेकीला धाडायचं बघू."

घ्या! माझा अख्खा संसार एका खिडकीवर टांगलेला.

आता जागा कुठली धरावी? सर्व्हिस मोटारीत मागं बसलं की हाडं खिळखिळी होतात, पुढं इंजिनाची धग लागते. जाणता माणूस मधली खिडकी धरतो. मीही धरली. विमान उडालं, खाली बघतो तर काय? पंख! या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता पंख. सगळा मुलूख त्याच्याखाली झाकलेला. बाकीच्या खिडक्या भरलेल्या.

मामांची फर्माईश साहेबांच्याही कानावर घातली होती. मागून त्यांनी विचारलं, "क्यों मुन्शीजी, लोहारा दिखा?"

"जी हुजूर, एकदम साफ!"

काय करणार? हुजुरांना 'नाही' म्हणायची आमच्यात पद्धत नव्हती. शिवाय विहिरींची पाहणी आम्ही टेबलाशी बसूनच करत होतो. एका छपरासाठी वेगळा कायदा कशाला?

परतल्यावर थेट लोहारा गाठलं. मोटारीच्या अड्ड्यावरच मामा चार माणसांत उभे.

"दिसलं का?"

"दिसलं म्हणजे? डोळे दिपले! साहेबांनी विचारलं, किसका मकान है? मी म्हणालो, आमच्या मामांचं!"

"समदे पत्रे दिसले?"

"एकूण एक. वाकडा म्हणून एक न्हाय."

एक म्हातारा पिचकारी टाकून म्हणाला, "जावयाची नजर लई तेज हाय बगा!"

मामा शांतपणे म्हणाले, "तुमी उडायच्या आदल्या दिवशी वावटळ आली. पत्रे उडून रानात पडले. घर अजून उघडंच हाय. चला, आता जवळून बघा."

बघितलं. मग धोतर खोचून, शिडी लावून वर चढलो आणि पत्रे ठोकू लागलो. तिथून गाव मात्र छान दिसत होतं. बायकोला धाडण्याबाबतची विनंती मी छपरावरूनच सादर केली.

खालून उत्तर आलं, "आधी पत्रे तर बसू द्या."

संध्याकाळपर्यंत पत्रे बसले. अर्ज प्रलंबित.