रशीदचाचांचे पिवळे हात

माझ्या शिक्षणासाठी मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे, ते आष्ट्याचे रशीदचाचा गेल्या महिन्यात गेले. त्यांच्या मुलाने फोनवर एवढंच सांगितलं, "अब्बा गेले... परवापर्यंत यार्डात जात होते." सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांचं हळदीचं काम. जन्मभर हळकुंडं हाताळून त्यांचे हात असे पिवळे झाले होते की साबणानेही त्यांचा नाद सोडला होता.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. पुढे कऱ्हाडला एम.एस्सी.ला पाठवायचं की कामाला लावायचं, यावर वडील अडले, तेव्हा शेजारच्या चाचांनी त्यांना सुनावलं, "कामाला आमी हाय की. ह्याला शिकू द्या."

तिथे मी पिकांतले तणनाशकाचे अंश शोधणारा जैवसंवेदक तयार करत होतो. भाजीचा रस पट्टीवर टाकायचा. तणनाशक असेल तर पट्टीतला विजेचा प्रवाह बदलतो आणि छोट्या यंत्रावर लाल दिवा लागतो. गावात पहिला नमुना चाचांच्या परसातल्या मेथीचा घेतला, कारण औषधाचा थेंबही न पडलेली मेथी म्हणून ते ती अभिमानाने गल्लीभर वाटत. चाचांनी स्वतः जुडी उपटली, स्वतः कुटली. सगळी गल्ली बघत होती. दिवा लाल लागला.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत अचानक उपास वाढले. मेथी कोणी घेईना. समोरचा बापू रोज विचारी, "चाचा, कंचं औषध मारता? लय गुणाचं दिसतंय." चाचांचा संशय बापूच्याच फवाऱ्यावर. त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. मला मात्र ते एका शब्दानेही बोलले नाहीत... तेच जास्त लागलं.

पुढच्या रविवारी मी पुन्हा यंत्र मांडलं. आधी नुसतं शुद्ध पाणी तपासायचं होतं. मदत म्हणून चाचांनी पट्टी धरली. पाण्यालाही लाल दिवा! पट्टी उचलून पाहिली, तर तिच्यावर पिवळा अंगठा उमटलेला.

मग मेथी मी खुडली, मीच कुटली. दिवा हिरवा. हळदीच्या रंगानेही प्रवाह बदलतो, हे मी समजावलं. चाचा आपल्या हातांकडे बघत राहिले.

"म्हंजी मेथी पास, मीच नापास." मग म्हणाले, "लिहून पाठव. पोष्टानं. तोंडी बापू मानत न्हाई."

मी पाठवलेलं पत्र त्यांनी दारावर, बापूला दिसेल असं चिकटवलं. परवा गेलो तेव्हा ते तिथेच होतं, चारही कोपऱ्यांवर पिवळी बोटं...

"आदरणीय चाचा,

तुमच्या मेथीत तणनाशक आढळलं नाही. यंत्राने पकडली ती तुमच्या हातांची हळद. यापुढे नमुन्याच्या भाजीला कृपया हात लावू नये. ही विनंती भाजीपुरतीच आहे. माझ्या डोक्यावरचा हात तेवढा काढू नका."