नाल्यापलीकडची बावीस घरं

महिन्यापूर्वी धुळ्याच्या आमच्या कॉलेजात मी विद्यार्थ्यांचे क्षेत्रकार्याचे अहवाल तपासत होते. एका मुलीच्या अहवालात शेवटी ‘प्रत्यक्ष गृहभेटींवर आधारित’ असं लिहिलं होतं. त्याखाली मी सही करणार, तेवढ्यात एरंडोल तालुक्यातल्या एका उपकेंद्रातून नर्सताईंचा फोन आला. “विमलअक्का गेल्या गं. परवा, सकाळीच...” पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. सहीही झाली नाही.

सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात सहा आठवडे गावात राहून काम करावं लागतं. त्यासाठी मी अक्कांच्या गावी गेले होते. त्या तिथल्या आशा कार्यकर्त्या, सातवी शिकलेल्या. माझे वडील सावद्याला ट्रकमध्ये केळीचे घड भरायचे, मी घरातली पहिली पदवीधर. त्यामुळे हातातल्या छापील प्रश्नावलीवर माझा फार विश्वास होता. ‘पिण्याचं पाणी झाकून ठेवता का?’ मी वाचून विचारायचे आणि प्रत्येक घरातून ‘हो’ यायचं. अक्का असलं काही विचारायच्याच नाहीत. उंबऱ्याशी टेकून म्हणायच्या, “पानी दे वो माय, घसा सुकना.” बाई आत गेली की बोलता बोलता मान वळवून बघायच्या... माठावर झाकण आहे का, ओगराळं आहे की हातच बुडतो. सांगायचं ते पाणी पिऊन झाल्यावर, हसत. एका सकाळी त्या आठ घरचं पाणी प्यायल्या, तेव्हा मी म्हटलं, “अक्का, पोट आहे की टाकी?”

“तुना कागद भराले टाकीच लागस,” त्या म्हणाल्या.

शेवटच्या आठवड्यात नाल्यापलीकडची बावीस घरं राहिली. ऊन कडक होतं, अहवाल टाइप व्हायचा होता. मी म्हटलं, “अक्का, तुम्हाला सगळं पाठ आहे. तुम्ही सांगा, मी लिहिते.”

“मी सांगसू ते मना डोयानं देखेल शे. तुना डोयानं काय देखं?”

पण माझं रडवेलं तोंड बघून त्या उपकेंद्राच्या ओट्यावर बसल्या आणि एकेक घर सांगत गेल्या. मी बावीस फॉर्म भरले. प्रत्येकावर ‘स्वतः पाहिले’ या चौकटीत खूण केली.

सादरीकरणाला आमचे सर गावातच, उपकेंद्रात आले. “पलीकडच्या वस्तीत स्वतः गेला होतात?” मी हो म्हटलं. सर मागे वळले, “अक्का, या आल्या होत्या ना?” अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. “हाव सर. उनी व्हती.”

नंतर सगळे पोहे खात असताना त्यांनी मला बाजूला घेतलं. आवाजात राग नव्हता, म्हणून अजून टोचतं. “न देखेल घर मी कधी लिखं नही. आज तुनासाठे खोटं बोलनी. एकदाव जाई ये पोरी, मंग ते फिटी जाई.” मी शब्द दिला, पुढच्या महिन्यात नक्की.

निकाल लागला, नोकरी लागली. धुळ्याहून सावद्याला जाताना बसच्या खिडकीतून त्यांच्या गावचा फाटा दिसायचा आणि मी मोबाइलमध्ये डोकं घालायचे. चार वर्षं. दर दिवाळीला अक्कांचा फोन यायचा, त्या एवढंच विचारायच्या, “कवय येस?” माझ्याकडे दरवेळी न येण्याचं नवं कारण असायचं.

त्या गेल्यावर आठवड्याने मी गेले. नाला ओलांडायला जेमतेम दहा मिनिटं लागली. दहाच मिनिटं... पहिल्या घराच्या उंबऱ्याशी उभी राहून पाणी मागितलं. घरातल्या बाईंनी मला निरखून पाहिलं.

“तूच ती लिखनारी पोर का? अक्का दर खेपले सांगे, एक पोर येनार शे, पानी मांगी.”

मला वर बघवेना. त्या दिवशी मी बावीस घरचं पाणी प्यायले. माझं खोटं त्याने फिटलं असं मला वाटत नाही. अक्कांचं तरी फिटावं.

परत आल्यावर त्या मुलीला बोलावलं. तिचा अहवाल टेबलावर तसाच होता. मी विचारलं, “कुठल्या कुठल्या घरी पाणी प्यायलीस?” तिला आधी कळलं नाही. मग तिने मान खाली घातली. माझीही गेली. मी तिला समोरच्या खुर्चीत बसवलं आणि पहिल्यांदाच कुणाला तरी त्या बावीस फॉर्मांविषयी सांगितलं.