शटरमागची गाडी आणि दोन भाऊ

ते प्रकरण विसरायचं म्हटलं तरी जमत नाही, कारण दर वर्षी दसरा येतो आणि ते पुन्हा आठवतं. गंगापूर रस्त्याच्या बाजूला, शहराबाहेरच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. सकाळचं शस्त्रपूजन आटोपून संध्याकाळच्या बंदोबस्ताची ड्यूटी लावत होतो, तोच फोन आला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. अमुक फार्महाऊसवर धाकट्या भावानं थोरल्याचा काटा काढला, त्याला ओढताना मी डोळ्यांनी पाहिलं, एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. सणासुदीला असले फोन निम्मे खोटे निघतात, पण जावं तर लागतंच.

फार्महाऊसच्या मालकांचं शहागंजात जुनं दुकान. वर्षातले पाच-सहा महिने ते परदेशात मुलीकडे असत. गुडघे धरतात म्हणून आंब्याच्या बागेत फिरायला त्यांनी एका बंद पडलेल्या रिसॉर्टकडून गोल्फ कार्ट घेतली होती. पेट्रोलवर चालणारी, वर छत आणि बाजूंनी उघडी अशी बुटकी गाडी. गावात तिला ‘बिनदाराची मोटार’ म्हणत. मालक गेले की ती शटरच्या खोलीत बंद होई आणि राखण थोरल्याकडे असे. हा थोरला तिथला रखवालदार, पन्नाशीचा, सरळमार्गी माणूस.

आम्ही पोचलो तेव्हा तो अंगणात निपचित पडला होता आणि धाकटा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. श्वास चालू होता. त्याला आमच्याच जीपमध्ये घालून सरकारी दवाखान्यात पाठवलं आणि दोन पंच बोलावून पंचनामा सुरू केला. खोलीपासून अंगणापर्यंत फरफटत आणल्याच्या खुणा होत्या. आत गाडीला झेंडूचा हार, पुढे कुंकवाचं स्वस्तिक आणि न फोडलेला नारळ. रक्त नाही, झटापटीची खूण नाही.

जमलेल्या गावकऱ्यांनी मात्र निकाल देऊन टाकला होता. बांधावरचा लिंब तोडण्यावरून या दोघांचं दोन वर्षांपूर्वी जुंपलं होतं. आमच्याच ठाण्यात त्याची अदखलपात्र नोंद होती. तेव्हापासून बोलणं बंद, येणं-जाणं बंद. आमचे हवालदारही म्हणाले की साहेब, सरळ केस आहे, संध्याकाळच्या आत अटक दाखवून टाकू. सरळ केस म्हटलं की मी सावध होतो. नोकरीत मी जास्तीत जास्त वेळा तोंडघशी पडता पडता वाचलो तो सरळ केसमध्येच.

ठाण्यात आणून धाकट्याला समोर बसवलं. दवाखान्यातून निरोप होता की थोरला बेशुद्ध आहे, काही सांगता येत नाही. तो दगावला तर धाकट्यावर थेट खुनाचा गुन्हा लागणार होता, आणि हे त्यालाही कळत होतं. तरी गडी धड उत्तर देईना. शटरबाहेर चपला दिसल्या, हाका मारल्या, आतून ओ आली नाही, म्हणून शटर उचललं आणि दादाला बाहेर ओढलं, एवढं तो सांगायचा. पण तू तिथं गेलासच कशाला, असं विचारलं की टाळायचा.

“दोन वर्षं त्याचं तोंड बघत नव्हतास. मग आजच कसा गेलास?”

“असाच गेलतो.”

“असाच म्हणजे?”

“असाच, साहेब.”

असं तासभर चाललं. शेवटी नियमाप्रमाणे अंगझडती घेतली. नव्या पांढऱ्या शर्टच्या खिशात चुन्याची डबी, आणि रुमालात नीट गुंडाळलेली आपट्याची चार पानं. हवालदारांनी ती बाजूला सारली, कारण दसऱ्याला सोनं कुणाच्या खिशात नसतं? पण सोनं वाटतात संध्याकाळी, सीमोल्लंघन झाल्यावर. हा भर दुपारी घेऊन निघाला होता. मी हवालदारांना बाहेर पाठवलं आणि पानं त्याच्यापुढे ठेवून विचारलं, ही कुणासाठी?

त्यानं पानं पुन्हा रुमालात गुंडाळली. “दादासाठी. सांजच्याला अख्खा गाव असतो. समद्यांदेखत पाया पडायची लाज वाटली. अन् त्यानं घेतलं नसतं तर लई शोभा झाली असती.” आणि एवढा दांडगा गडी ढसाढसा रडायला लागला.

रडणं हा पुरावा नव्हे. पण माझा रोख बदलला. भावानं काही केलं नसेल तर थोरला पडला कशानं? मी पुन्हा त्या खोलीत गेलो आणि या वेळी गाडी पाहिली. चावी चालूवर होती. टाकीत पेट्रोलचा थेंब नव्हता. उंदीर येतात म्हणून भिंतीतले दोन्ही झरोके पोत्यांनी बुजवलेले होते. म्हणजे बंद खोलीत इंजिन पेट्रोल संपेपर्यंत चालत राहिलं होतं आणि माणूस त्या धुरात होता; आम्ही पोचेपर्यंत धूर उघड्या शटरातून निघून गेला होता. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. अंगावर मार नाही हे त्यांनी आधीच पाहिलं होतं. त्यांनी रक्त तपासलं आणि गाडीच्या धुरातला विषारी वायू भिनल्याचं कळवलं. धाकटा आणखी थोडा उशिरा आला असता तर उपयोग नव्हता, असंही ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी थोरला शुद्धीवर आला. ही बातमी ऐकून मला जे हायसं वाटलं ते सांगून कळायचं नाही. त्याचा जबाब मी स्वतः घेतला. अधूनमधून गाडी चालू करत जा, नाहीतर बॅटरी बसेल, असं मालकांनी जाताना बजावलं होतं. आणि शटर लावूनच कर, उघडं दिसलं की गावातली पोरं येऊन बसतात, हेही. दसऱ्याला गाडीला हार-कुंकू झालं, नारळ फोडण्याआधी इंजिन सुरू केलं. डोकं जड झालं म्हणून तो जरा टेकला आणि पुढचं त्याला आठवत नव्हतं. मला बाहेर कुणी काढलं, असं त्यानं विचारलं. मी दाराकडे बोट दाखवलं. तिथं धाकटा पानांचा रुमाल हातात घेऊन उभा होता. थोरल्याचा एक हात सलाईनमध्ये अडकला होता, त्यानं दुसरा हात पुढे केला. मी टोपी घालून बाहेर आलो.

मालकांचा फोन आला तेव्हा बिचारे घाबरून गेले होते. त्यांचा हेतू वाईट नव्हता. मी त्यांना एवढंच सांगितलं, “लांब जायचं तर पेट्रोल काढून ठेवा, बॅटरीची वायर सोडा आणि गाडी उघड्या हवेच्या जागेत झाकून ठेवा. तिला सारखं चालू करायची गरज नाही. बसलेली बॅटरी परत चार्ज होते, माणूस होत नाही.” पुढच्या वेळी त्यांनी शटर काढून जाळीचं दार बसवलं.

लपवाछपवी करणारी माणसं मी उभ्या नोकरीत बघत आलो. चौकशीत कुणी अडखळला की तो पाप लपवतोय, हे आमच्या अंगवळणी पडलेलं असतं. या प्रकरणानं मला शिकवलं की माणूस चांगली गोष्टही तितक्याच जिवापाड लपवतो, कधी कधी फासावर जायची वेळ आली तरी. त्या संध्याकाळी घाईनं अटक दाखवली असती, तर तुला ज्यानं वाचवलं त्याला आम्ही कोठडीत घातलंय, हे थोरल्याला खाटेशी उभं राहून मलाच सांगावं लागलं असतं. ती वेळ आली नाही, आणि त्या समाधानावर मला आजही शांत झोप लागते.