आक्काला दिलेली सल्फा

शहापुरात माझं औषधाचं दुकान आहे आणि काउंटरवर मी भांडखोर म्हणून प्रसिद्ध आहे. चिठ्ठी नसली तर गोळी देत नाही. कोर्स अर्धवट टाकणाऱ्याला चारचौघांत झापतो. सल्फाची चिठ्ठी आली की माणूस कितीही घाईत असो, आधी विचारतो, "सल्फा सोसतं का? मागं कधी अंगावर उठलंवतं?" एवढा मी शहाणा, आणि सख्ख्या बहिणीला हेच विचारलं नाही.

आक्का शेजारच्याच वडगावात यंत्रमाग चालवते. चालू माग सोडून उठायला लागू नये म्हणून तिथं आमच्या जुन्या गल्लीतल्या बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग लघवीची जळजळ ठरलेलीच. तिचा फोन आला तेव्हा दुकानात गर्दी होती. घरचंच माणूस, त्याला कसली चिठ्ठी मागायची? सात दिवसांची सल्फा पाठवून दिली. वर दम भरला, "पाणी लई पी, न्हाईतर ही गोळी मूत्रपिंडात खडे करती. आणि कोर्स अर्ध्यात सोडलास तर माझ्याशी गाठ हाय."

सल्फा जंतूला फसवते. वाढायला त्याला एक जीवनसत्त्व स्वतः बनवावं लागतं. त्याच्या कच्च्या मालासारखीच ही दिसते, म्हणून तो हिलाच घेऊन बसतो. मागावर भलतंच सूत चढावं, तसं त्याचं काम तिथंच अडतं. आपल्याला ते जीवनसत्त्व जेवणातून तयार मिळतं, म्हणून आपलं काही अडत नाही. पण एखाद्याचं अंग ह्या औषधावरच उलटतं, अगदी सालटी निघेपर्यंत. हे सगळं मला पाठ होतं.

सहाव्या दिवशी दुपारी पुन्हा फोन. "अंगात ताप हाय रं. आणि हातावर लाल लाल आलंय. ताण्याचा रंग लागलाय वाटतं."

लाल ताण्यावर, म्हणजे मागाच्या उभ्या सुतावर, काम केलं की कोपरापर्यंत हात रंगतात. लहानपणी माझेही रंगलेत. "साबण लाव," म्हटलं आणि फोन ठेवला. ठेवला! पुढच्या गिऱ्हाइकाला गोळ्या देता देता माझे हात थांबले. रंगानं ताप कसा येईल? परत फोन लावला, उचलेना. मागाच्या खडखडाटात तिला रिंग ऐकू येत नव्हती. शटर ओढलं आणि गाडी काढली. शहापूर ते वडगाव असं कितीसं अंतर, पण त्या दिवशी ते सरता सरेना.

आक्का मागापाशीच उभी होती. घासून घासून हात सोललेले, लाली तशीच. मानेवर डाग, डोळे लालभडक, ओठ फुटलेले. मी आधी माग बंद केला.

"गोळी बंद केलीस का न्हाय?"

"आत्ताच घेतली की," ती कशीबशी म्हणाली. "सोडू नको म्हणालतास न्हवं?"

मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिला तोंड उघडवत नव्हतं. पाठीची कातडी सुटायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, आधी जीव, मग डोळे, बाकीचं नंतर बघू. मग मला विचारलं, "ह्यांना पूर्वी कधी सल्फानं असं झालं होतं?"

"न्हाय," मी ठासून सांगितलं. दुकानदाराच्या आवाजात.

खाटेवर आक्काचा हात हलला. मागाच्या आवाजात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जात नाही, म्हणून आमच्याकडं सगळे हातांनीच बोलतात. तिनं तळवा खाली नेऊन लहान पोरीची उंची दाखवली. दोन बोटं तोंडाशी नेली, गोळी. मग हातावरून बोटं फिरवत वर गळ्यापर्यंत आली. डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले. मला मात्र सगळं कळलं होतं, आणि लहानपणी ह्याच गोळीनं तिच्या अंगावर उठलं होतं, हे त्यांना माझ्याच तोंडानं सांगावं लागलं.

आक्का वाचली. डोळे कोरडे पडले ते पडलेच. आता कायम थेंब घालावे लागतात. ती मला एका शब्दानंही बोलली नाही, आणि तेच मला सोसत नाही.

परवा डोकं दुखतंय म्हणून दुकानात आली. मी लगबगीनं गोळी काढून पुढं केली. तिनं हात मागंच ठेवला.

"आधी इचार," म्हणाली.