अमावास्या, फिन्सचा किनारा आणि एक धूमकेतू

दर साडेपाच वर्षांनी फेरी मारणारा एक धूमकेतू यंदा पृथ्वीच्या जवळून जाणार, हे वाचल्यापासून मला चैन नव्हतं. पुढच्या आठवड्यात तो सर्वांत जवळ येणार होता, पण तेव्हा चंद्राचा उजेड आड आला असता. म्हणून या शुक्रवारची अमावास्या पक्की केली. पुण्याहून आत्याचा फोन आला, "अमावास्येला धूमकेतू बघायला? डोकं ठिकाणावर आहे ना?"

खरी अडचण बाबांची होती. ते दोन महिन्यांसाठी आमच्याकडे मस्कतला आलेत. चार वर्षांपासून त्यांच्या नजरेचा मधला भाग गेलाय, कडेकडेचं तेवढं दिसतं. "मला काय दिसणार? तुम्ही जा," म्हणाले. मी त्यांना घेतल्याशिवाय निघणारच नव्हते. हट्टीपणा त्यांच्याकडूनच आलाय.

अझैबातल्या घरून दुपारी अडीचला निघालो. वादी अदाई, अल अमेरात, मग कुरियातपर्यंत झकास रस्ता. कुरियातला चहा घ्याच, पुढे फारसं काही मिळत नाही. करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा, शंभर बैसा. "पराठा खलास, आम्लेट है," म्हणून चहावाल्याने आमची बोळवण केली. फिन्सच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या रस्त्याचा शेवटचा तुकडा खडीचा आहे. साधी गाडी जाते, पण उजेडात पोचा. शाली न्या, वारा झोंबतो.

साडेसहाला काळाकुट्ट अंधार. नकाशा झाला, दुर्बीण झाली, मान आखडली, धूमकेतू काही दिसेना. नवऱ्याने, समीरने, दोनदा मोबाइल पेटवला आणि दोनदा बोलणी खाल्ली. आमची दहा वर्षांची ईरा कुरकुरली, "आई, टेल कुठे आहे? फोटोमध्ये होती." मला रडू यायचंच बाकी होतं. बाबांना एवढ्या लांब आणून नुसता अंधार दाखवला.

"नेमकं शोधताय काय?" खुर्चीतून बाबांनी विचारलं.

"फिकट डाग. रोखून बघितलं की नाहीसा होतो, म्हणून जरा बाजूला बघायचं असतं."

"मग हे मला आधी सांगायचं की. चार वर्षं मी दुसरं काय करतोय?"

त्यांनी मान तिरकी केली. मग हात वर गेला. "तिथे. फळा पुसल्यावर खडू राहतो ना, तसं."

मी दुर्बीण तिकडे नेली. होता. नकाशाशी ताडून बघितलं, तोच होता. मी त्या वाळूत नाचले, खरंच नाचले. आमच्या डोळ्यांच्या तीन धडधाकट जोड्या हरल्या होत्या आणि बाबा जिंकले होते.

मग ईराची शिकवणी सुरू झाली. "शेजारच्या ताऱ्याकडे बघ, त्याच्याकडे नको."

"दिसला, आजोबा. तो... तो घाबरतो का, बघितलं की?"

"लाजतो."

दहाच्या आत घरी पोचलो. वाटेत बाबांनी सहज सांगितलं, की समोरच्याला विचित्र वाटू नये म्हणून ते आजवर सगळ्यांच्या चेहऱ्याकडे सरळच बघायचे, आणि सरळ बघितलं की चेहरा पुसला जायचा. मला याचा पत्ताच नव्हता.

शनिवारी सकाळी पोहे खाताना त्यांनी मान वळवली आणि माझ्या कानाच्या पलीकडे बघत राहिले.

"केस पिकले की गं तुझे," म्हणाले.

हे ऐकून एवढी खूश झालेली बाई अख्ख्या मस्कतमध्ये दुसरी नसेल.